घोणशीला अजगर म्हणणार नाही

‘मॅडम, डिसेंबर लागला. आता साप चावत नाहीत,’ वरचे साहेब फोनवर म्हणाले.

‘सर, तसं सापांना कळवलंय का कोणी?’

पलीकडे फाईल आपटल्याचा आवाज. ‘मस्करी नको. उद्या गाडी येईल. किमान साठा ठेवा आणि बाकीची सगळी एएसव्ही जिल्हा स्टोअरला जमा करा.’

‘नाही करणार,’ मी म्हटलं, फोन ठेवला आणि ओपीडीतला पुढचा केसपेपर ओढला. समोरच्या बाईंना खोकला होता. त्या बिचाऱ्या घाबरून खोकायच्या थांबल्या.

अंबरनाथ ते वांगणी या पट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर आहे. नाव लिहीत नाही. उगाच आणखी एक कागद यायचा. एएसव्ही म्हणजे अँटी स्नेक व्हेनम, सापाच्या विषावरचा एकमेव उतारा. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि मग त्याच्या रक्तातून हे औषध काढतात. काचेच्या बोटभर बाटलीत पांढरी पावडर असते. त्या बाटलीला आम्ही व्हायल म्हणतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर औषध एकच. माणसाला सुरुवातीलाच दहा व्हायल लागतात. घोणस असेल तर पुन्हा दहा लागू शकतात. साहेबांचा किमान साठा म्हणजे पाच. पाच व्हायलमध्ये अर्धा पेशंट वाचतो. अर्धा पेशंट कसा वाचवायचा, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही.

पावसाळा संपला की जादा व्हायल परत पाठवायच्या, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. ज्यांनी ती पाडली ते काही मूर्ख नव्हते. तेव्हा साप चावायचे ते पावसाळ्यात, फार तर भातकापणीपर्यंत. तो नियम केला तेव्हा बरोबरच होता. नंतर साप बदलले, नियम मात्र होता तिथेच बसून राहिला.

साप बदलले हे मला कसं कळलं, ते सांगते. आमच्याकडे साप चावला की नातेवाईक पेशंटबरोबर सापही घेऊन येतात. डॉक्टरांना कळायला नको का, कुठला ते! बोर्ड लावून थकलो आम्ही. सापाच्या मागे धावू नका, दुसऱ्याला चावेल, वेळ जाईल, नुसता लांबून फोटो काढा. ऐकतंय कोण? सिमेंटच्या गोणीत साप येतो, दुधाच्या कॅनमध्ये येतो, रंगाच्या डब्यात येतो. एकदा तर आहेरात आलेल्या नव्याकोऱ्या स्टीलच्या डब्यातून आला होता, वर रुमाल बांधून. कधी मेलेला, कधी अर्धमेला, कधी चांगला ठणठणीत. आमच्या कदम सिस्टर हल्ली कोणाच्या हातात डबा दिसला की दारातूनच विचारतात, ‘हलतंय का?’

मी इथे रुजू झाले तेव्हा या डब्यांतून मुख्यत्वे दिवड निघायचे. दिवड म्हणजे पाण्यातला साप. चिडका, कडकडून चावणारा, पण विषारी नाही. त्याच्या खालोखाल धामण, मग अधूनमधून नाग. घेऊन येणारे लोक बदलापूर गावातले नाहीतर आजूबाजूच्या पाड्यांवरचे. त्यांना साप कळायचे. एक आजोबा पायाला फडकं गुंडाळून आले होते. मी सलाईनची तयारी करायला लागले तर माझ्यावरच खेकसले, ‘बाय, दिवड हाय तो. इख नाय त्याला. पट्टी मार न् सोड मना, भात झोडाचा हाय.’ पट्टी मारून घेतली आणि गेले. त्यांचंच बरोबर होतं.

मग एकेका वर्षी डब्यातला माल बदलत गेला. आधी दिवड कमी झाले. होणारच. दिवडाला बेडूक आणि मासे लागतात, त्यांना पाणी लागतं. भातखाचरांवर भराव पडला, पाणी गेलं, दिवडही गेले. भराव कशाचा? मुंबई-ठाण्यात पाडलेल्या इमारतींच्या डेब्रिजचा. मिस्त्री लोक त्याला राबिट म्हणतात. त्या राबिटाच्या पोकळ्यांत उंदीर आले, कारण नव्या इमारतींचा ओला कचरा शेजारीच पडत होता. उंदरांमागे घोणस आली. पहिल्यांदा एका हिवाळ्यात एक केस. मला वाटलं, असेल एखादी वाट चुकलेली. पुढच्या हिवाळ्यात आणखी. त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळ्यापेक्षा थंडीत जास्त. आणि तीही दिवसाढवळ्या! थंडी हा घोणशीचा जोडीचा काळ. रात्रीचं फिरणं सोडून ती दुपारी उन्हाला येऊन पडते. पालापाचोळ्यात पडली की दिसत नाही. इतर साप माणूस जवळ आला की सटकतात. ही बाई जागची हलत नाही.

दुसरा बदल झाला तो बघणाऱ्यांत. नव्या टॉवरांत राहायला आलेली मंडळी मुंबईची. भली माणसं, पण त्यांनी साप पाहिलेला टीव्हीवर. त्यातलं त्यांना दोन जातींचं ज्ञान: फणा काढला तर नाग, जाडजूड ठिपकेदार असला तर अजगर.

म्हणून माझ्या ओपीडीत बीपी दाखवायला आलेल्या एक जोशीबाई मोबाईल पुढे करून म्हणाल्या, ‘मॅडम, हे बघा ना, आमच्या गार्डनमध्ये अजगराचं पिल्लू! कित्ती गोड आहे!’

मी फोटो बघितला आणि त्यांच्याआधी माझंच बीपी वाढलं. ती पूर्ण वाढलेली घोणस होती. अजगराच्या मानाने म्हणाल तर पिल्लूच. फोटोत तिच्यापासून हातभर अंतरावर एका पाच-सहा वर्षांच्या मुलीचे गुलाबी बूट दिसत होते.

‘कोणी हात लावला होता?’

‘मिस्टरांनी काठीने शेपटी उचलून बाजूला केलं. बिनविषारी असतं ना ते. आमच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला कोणाला ना कोणाला दिसतंय.’

मी त्यांच्याकडून ग्रुपवरचे सगळे फोटो मागवून घेतले. संध्याकाळी चष्मा लावून एकेक बघितला. दोन वर्षांपूर्वी एखाददुसरा ‘अजगर’, गेल्या थंडीत बरेच, यंदा तर रांगच. आमच्याकडे डोंगराच्या बाजूला अजगर आहेत, नाही असं नाही. पण इतके अजगर एका कॉम्प्लेक्समध्ये, सगळे तेवढ्याच लांबीचे, राबिटाच्या ढिगाजवळच? शंका नको म्हणून इथल्या एका जाणत्या सर्पमित्रालाही फोटो पाठवले. त्याचा एका ओळीचा मेसेज आला. ‘मॅडम, एकपण अजगर नाय. सब घोणस.’

आपल्याकडे म्हण आहे, साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला. नवऱ्याचं ज्याचं त्याने बघावं. सापाचं मात्र सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

तर हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि साहेब मला सांगत होते की साप चावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खरंच गाडी आली. ड्रायव्हर साधा माणूस. चलन हातात धरून उभा राहिला.

‘मॅडम, व्हायल द्या. सह्या करा. मला पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय.’

‘चहा घ्या. व्हायल मिळणार नाहीत.’

‘असं कसं मॅडम? रिकामा गेलो तर माझी नोकरी जाईल.’

‘तुमची नाही जात. गेली तर माझी जाईल. आणा इकडे ते चलन.’ मी त्यावर लिहिलं, ‘साठा दिला नाही. रुग्णांसाठी आवश्यक.’ खाली सही, शिक्का. आमचे फार्मासिस्ट गायकवाड औषधांच्या कपाटाला पाठ लावून उभे होते. मनुष्य शांत, कधी आवाज चढवायचा नाही. गाडी गेल्यावर म्हणाले, ‘मॅडम, मेमो येणार.’

‘येऊ दे. मेमोने कोणाची किडनी जात नाही. घोणशीने जाते.’

आठवड्याच्या आत मेमो आला. वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान केला, खुलासा द्या. मी खुलाशात फोटो जोडले, हिवाळ्यातल्या केसेस लिहिल्या, पाच व्हायल का पुरत नाहीत ते लिहिलं. साहेबांचा फोन आला. ‘मॅडम, व्हॉट्सॲपचे फोटो म्हणजे काही डेटा नव्हे. आलाच एखादा पेशंट तर रेफर करा.’

रेफर करणं म्हणजे मोठ्या हॉस्पिटलला पाठवणं. अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या पुढे. रस्त्यात खोदकाम, फाटक, बाजार. आणि पेशंटच्या अंगात विष. ‘सर, तुम्ही एकदा त्या रस्त्याने ॲम्ब्युलन्समध्ये बसून या. मग बोलू,’ मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मला आजही तसं वाटत नाही.

जोशीबाईंच्या कॉम्प्लेक्सचे चेअरमन सामंत. कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, सोसायटीसाठी दिवसभर राबणारे. त्यांनी रविवारी क्लब हाउसमध्ये आरोग्यावर बोलायला मला बोलावलं. विषय दिला होता डायबेटीस. मी डायबेटीस थोडक्यात उरकला आणि पडद्यावर दोन फोटो लावले.

‘हा अजगर. अंगावरचे डाग वेडेवाकडे, रंग सांडल्यासारखे. ही घोणस. लांबट गोल ठिपक्यांच्या तीन माळा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, साखळीसारख्या. चिडली की कुकरची वाफ सुटावी तसा आवाज करते. तुमच्या ग्रुपवरचे सगळे अजगर हे दुसरे आहेत.’

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. जोशीबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की मला त्या गृहस्थांची दया आली. सामंत उठले. हसत हसत माईक घेतला.

‘मॅडम काळजीपोटी बोलतात. पण इथे फॅमिली राहतात. आपण निसर्गाच्या कुशीत आहोत, एखादा अजगर दिसणारच. उगाच घबराट नको.’

‘घबराट नकोच. त्या मागच्या भिंतीलगतचं राबिट उचला, ओला कचरा झाका, आणि पाला गोळा करणाऱ्या बायकांना गमबूट आणि जाड हातमोजे द्या. त्यांना उघड्या हातांनी पाला भरायला लावू नका.’

‘बघू, मीटिंगमध्ये घेऊ,’ सामंत म्हणाले. मग माईक बाजूला करून मला हळूच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय.’

‘साप असला तर धोपटावीच की. निदान पळून तरी जाईल.’

श्रीफळ आणि शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी जोशीबाईंनी कळवलं की सामंतांनी घोणशीचा फोटो ग्रुपवरून डिलीट करायला लावला.

जानेवारीतल्या एका सकाळी ओपीडी भरात होती. रिक्षा थेट पायऱ्यांपर्यंत आली. विलास जाधव नावाचा रिक्षावाला बायकोला आधार देत आत घेऊन आला. संगीता, तिशी-पस्तिशीची. त्याच कॉम्प्लेक्समध्ये हाउसकीपिंगला. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, बोटं काळीनिळी. विलासच्या दुसऱ्या हातात झाकण लावलेली रंगाची बादली.

‘हलतंय का?’ कदम सिस्टर दारातून म्हणाल्या.

‘हलतंय, पण अजगर आहे,’ विलास म्हणाला. ‘मॅडम, अजगर चावून एवढं सुजतं का? सामंतसाहेब बोलले बिनविषारी आहे, डेटॉल लाव, कुछ नहीं होता. हिने डेटॉल लावलं, थोडा वेळ बसली, आणि परत कामाला लागली. मग हिच्याच्याने उभं राहवेना तेव्हा मला फोन केला.’

मी पायाने बादली भिंतीकडे सरकवली. झाकणाखालून वाफ सुटल्यासारखा आवाज आला, लांबलचक. सगळी ओपीडी समोरच्या भिंतीला चिकटली. झाकणाच्या फटीतून टॉर्च मारला. तीन माळा.

‘संगीता, किती वेळ झाला?’

‘पाला भरत होते तेव्हा, मॅडम. नाश्त्याच्या आधी.’ म्हणजे दोन तास तरी गेलेच होते. तिने थुंकी टाकायला तोंड उघडलं तर हिरड्यांतून रक्त येत होतं.

घोणशीचं विष रक्तावर काम करतं. रक्त गोठायचं थांबतं, मग ते हिरड्यांतून, लघवीतून, मिळेल तिथून बाहेर पडायला लागतं, आणि शेवटी किडनीला धरतं. हे ओळखायला मोठं मशीन लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची, त्यात थोडं रक्त काढून वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवायची, आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर हलत नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही नाही. दोन्ही खोटं सांगतात.

त्या वीस मिनिटांत संगीता मला दोनदा म्हणाली, ‘मॅडम, मुलीची शाळा सुटायच्या आत सोडाल ना?’ मी ‘हो’ म्हटलं. मनातून फाटली होती माझी. नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

‘गायकवाड!’

‘दहा काढल्यात मॅडम,’ ते कपाटापाशीच होते.

पाच व्हायल असत्या तर मी काय केलं असतं, हा विचार तेव्हा सुचला नाही. आता लिहिताना सुचतो.

एएसव्ही सलाईनमधून सोडतात. घोड्याचं औषध माणसाच्या अंगाला नेहमी मानवतंच असं नाही. थोड्या वेळात संगीताला थंडी भरली, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुसमटायला लागला. याला रिॲक्शन म्हणतात. औषध थांबवायचं, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यायचं, पेशंट सावरला की पुन्हा हळूहळू सुरू करायचं. विलास बाहेर दाराशी उभा राहून ओरडत होता, ‘ए संगीता, डोळे उघड ना! मॅडम, तिला काय झालं? चावलं त्यापेक्षा तुमच्याच औषधाने झालं काय?’ कदम सिस्टरांनी त्याला दरडावलं, ‘गप बस! ती ऐकतेय. घाबरवू नकोस तिला.’ तो पायरीवर बसून रडायला लागला.

दुपारी तिचा श्वास सुधारला. संध्याकाळी पुन्हा नळी लावली. रक्त अजून गोठत नव्हतं. गायकवाडांनी न विचारता पुढच्या दहा व्हायल टेबलावर आणून ठेवल्या.

एवढ्यात साहेबांचा फोन. रोजचा रिपोर्ट त्यांच्याकडे गेला होता. ‘रेफर का नाही केलं?’

‘औषध इथे होतं म्हणून.’

‘आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची?’

‘माझी, सर. लिहून घ्या. माझ्या नावाचं स्पेलिंग सांगू का?’

त्यांनी फोन ठेवला. मी संगीताच्या खाटेशी जाऊन बसले. आता माझी चिंता एकच होती, लघवी. घोणशीच्या पेशंटची किडनी चालते की नाही हे लघवीच्या पिशवीवर कळतं. पिशवी भरत असेल तर निम्मी लढाई जिंकली. विलास मला सारखा विचारत होता, ‘मॅडम, पैशापाण्याचं सांगा, बाहेरून काही आणायचंय का?’ मी म्हटलं, ‘काही नको. तू त्या पिशवीकडे लक्ष ठेव.’ तो गडी स्टूल घेऊन पिशवीसमोर असा बसला, जशी क्रिकेटची फायनल चालली आहे. मध्येच ओरडला, ‘मॅडम, वाढली! थोडीशी, पण वाढली!’ आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट हसले. मी मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही.

त्याच दुपारी सामंत आले. हातात फळांची पिशवी, चेहरा उतरलेला. त्यांनी संगीताची चौकशी केली, खरोखर मनापासून. माणूस दुष्ट नव्हता. मग माझ्या खोलीत आले, दार लोटलं.

‘मॅडम, एक विनंती आहे. केसपेपरवर काय लिहिलंय?’

‘घोणस दंश.’

‘तिथे अज्ञात सर्पदंश लिहिता येईल का? साप कोणी नीट ओळखलेला नाही म्हणून. उगाच सोसायटीचं नाव होतं. अर्धे फ्लॅट अजून विकले जायचे आहेत.’

अज्ञात सर्पदंश हा आमच्या धंद्यातला सोयीचा शब्द. साप दिसलाच नाही तर लिहावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण इथे साप बादलीतून आला होता, सर्पमित्राने तो नेऊन लांब सोडला होता आणि त्याच्या दातांच्या खुणा एका बाईच्या हातावर होत्या.

‘सामंतसाहेब,’ मी म्हटलं, ‘तुम्ही तिला अजगर सांगितलंत आणि तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. अंगात विष घेऊन पुन्हा पाला भरला तिने. आता मीही कागदावर अज्ञात लिहू? पुढच्या थंडीत त्याच भिंतीपाशी दुसरी संगीता येईल. तिच्या डॉक्टरने काय वाचायचं? तुमची टॉवरं विकायची असतील तर भिंतीमागचं राबिट उचला. माझ्या पेनवर का बसताय?’

‘तुम्ही फार कडक बोलता मॅडम.’

‘साप मऊ चावला असता तर मीही मऊ बोलले असते.’

ते उठले. दारापर्यंत गेले, परत वळले. ‘मला खरंच अजगर वाटला हो,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं, पण केसपेपरवरचं अक्षरही मी बदललं नाही. ते गेल्यावर ‘घोणस’ शब्दाखाली एक रेघ मारली.

संगीता वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांवरची कातडी गेली, अंगठा अजून पूर्ण वळत नाही, पण किडनी शाबूत राहिली. ड्रेसिंगला यायची तेव्हा एक दिवस तिच्याबरोबर आणखी चार बायका आल्या. त्याच कॉम्प्लेक्सच्या हाउसकीपिंगवाल्या.

‘मॅडम, तो घोणशीचा फोटो आमच्या मोबाईलवर पाठवा,’ संगीता म्हणाली. ‘आणि त्या गमबुटांचं तुम्ही बोलला होता ना, ते नीट सांगा. कसले बूट, कुठपर्यंतचे, हातमोजे कसले.’

मी सांगितलं. गुडघ्याखालपर्यंतचे बूट, चामड्याचे जाड हातमोजे, पाला ओढायला लांब दांड्याचा पंजा.

दुसऱ्या दिवसापासून त्या पाचही जणींनी झाडू गेटपाशी ठेवला आणि बाहेर बसल्या. सुपरवायझर ओरडला, दुसऱ्या बायका आणतो म्हणाला. संगीता म्हणाली, ‘आण ना. त्यांना पण हा फोटो दाखवते आणि हा अंगठा पण.’ कोणी आलं नाही. जोशीबाई चहाचा थर्मास घेऊन खाली त्यांच्यात जाऊन बसल्या. कचरा टॉवरांच्या दारात साठायला लागल्यावर सामंतांचा मला फोन आला.

‘मॅडम, या बायकांना तुम्हीच भडकवलंत ना?’

‘नाही हो. मी फक्त फोटो दिला. अक्कल घोणशीने दिली.’

बूट आले. हातमोजे आले. राबिटाचा निम्मा ढीग उचलला गेला, उरलेला मीटिंगमध्ये आहे. ग्रुपवर आता फोटो पडला की खाली कोणीतरी लगेच विचारतं, तीन माळा आहेत का? एवढं झालं तरी खूप झालं.

राहता राहिला माझा मेमो. संगीताच्या केसनंतर मी त्याला जोडून दुसरा खुलासा पाठवला. एकच ओळ: ‘परत न केलेल्या व्हायलपैकी वीस वापरल्या, रुग्ण चालत घरी गेला.’ वाटलं होतं, आता तरी प्रकरण मिटेल. महिनाभराने उत्तर आलं. सदर खुलासा समाधानकारक नाही, आपणास सक्त ताकीद देण्यात येत आहे. गायकवाडांनी कागद वाचला, दफ्तरी लावला आणि विचारलं, ‘उत्तर द्यायचं का, मॅडम?’

मी नको म्हटलं. साहेबांचं समाधान होईल असं औषध आमच्या कपाटात नाही. घोणशीवरचं आहे, आणि यंदाच्या डिसेंबरात गाडी पुन्हा आली आणि रिकामी परत गेली, तेव्हाही ते तिथेच होतं.